वेल्सचा आर्चडीकन जेराल्ड आणि त्याच्या आजीचे कूळ

इंग्लंड देशाच्या पश्चिम अंगास, जेथे जमीन समुद्रात पुढे सरकली आहे, तेथे वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. ह्या मुलखातील मूळचे लोक त्या बेटावर इंग्रजांच्याही आधीपासून राहत आलेले असून त्यांची भाषा इंग्रजीहून अगदी निराळी आहे. प्राचीन काळी ह्या लोकांत आडनाव म्हणून काही नव्हते. माणसाची ओळख बापाच्या नावाने पटे, बापाची आज्याच्या नावाने, आणि आज्याची पणज्याच्या. त्यांच्या भाषेत ‘अप’ म्हणजे अमक्याचा मुलगा. तेव्हा रीस अप ग्रिफिथ अप रीस अप ट्यूडर असे एका माणसाचे नाव घेतले की ऐकणाऱ्यापुढे त्याच्या चार पिढ्या उभ्या राहत. पुढे १५३६ व १५४३ ह्या सालांच्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पुरता सामील झाला, तेव्हापासून इंग्रजी धर्तीची कायम आडनावे हळूहळू रूढ झाली. कित्येक खेडेगावांत तर ती एकोणिसाव्या शतकापर्यंत नीट बसली नव्हती. अप हवेल ह्याचे पॉवेल झाले, अप रीस ह्याचे प्राईस, अप रिचर्ड ह्याचे प्रिचर्ड, अब ओवेन ह्याचे बोवेन. जोन्स हे नाव ज्यांनी ऐकले आहे त्यांनी एवढेच समजावे की त्या घराण्यात कधी काळी जॉन नावाचा कोणी बाप होऊन गेला.

वंशावळ पाठ ठेवणे हा वेल्श लोकांचा केवळ अभिमानाचा विषय होता असे मात्र समजू नये. हवेल नावाचा त्यांचा एक सद्गुणी राजा दहाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या नावाने चालत आलेल्या कायद्याप्रमाणे बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वाटली जाई, आणि चौथ्या पिढीपर्यंत वहिवाट चालली म्हणजे त्या जमिनीवरील हक्क पक्का होई. कोणाच्या हातून खून घडला तर मेलेल्या माणसाच्या कुळास भरपाई द्यावी लागे. ती एकट्या खुन्याने द्यायची नसून त्याच्या जवळच्या व दूरच्या भाऊबंदांनी नात्याच्या मानाने वाटून द्यायची असे. ज्यास आपले आजे-पणजे ठाऊक नाहीत त्यास जमीनही सिद्ध करता येत नसे आणि संकटात पाठीशी उभे राहणारे कूळही मिळत नसे. म्हणून गरिबातला गरीब मनुष्यसुद्धा पिढ्या तोंडपाठ म्हणे, व राजेरजवाड्यांच्या वंशावळी सांभाळण्यास भाट असत.

ही हकीकत आपणांस ज्या ग्रंथकाराच्या लिखाणामुळे मुख्यत्वे कळली तो जेराल्ड होय. लॅटिन ग्रंथांत त्यास गिराल्डस कॅम्ब्रेन्सिस म्हणजे वेल्सचा जेराल्ड म्हणतात, व वेल्श लोक त्यास आपल्या भाषेत गेरॉल्ट गम्रो म्हणतात. वेल्श लोक कुळास किती जपतात हे त्याने जगास सांगितले. पण त्याचा स्वतःचा जन्मही ह्याच कुळाच्या प्रश्नापायी कसा खर्ची पडला, ते ह्या लेखात सांगावयाचे आहे. त्याच्या आयुष्यातील पुष्कळ गोष्टी आपणांस त्याच्याच लेखणीतून कळतात, आणि हा मनुष्य स्वतःची स्तुती करण्यात मागे हटणारा नव्हता. तेव्हा वाचकांनी त्याच्या काही गोष्टी थोड्या हातचे राखूनच घ्याव्या.

पेम्ब्रोक परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावर मॅनरबिअर नावाचा एक किल्ला आहे. त्याच्या भिंती आजही समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. तेथे इ. स. ११४६ च्या सुमारास जेराल्डचा जन्म झाला. त्याचा बाप विल्यम द बॅरी हा नॉर्मन सरदार होता. नॉर्मन म्हणजे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरून येऊन १०६६ साली इंग्लंड जिंकणारे लोक. ते फ्रेंच बोलत, घोड्यावरून लढत, आणि जिंकलेल्या मुलखात दगडी किल्ले बांधून राहत. बॅरी हे नाव ह्या घराण्याने वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यानजीकच्या एका लहानशा बेटावरून घेतले, असे जेराल्डनेच लिहून ठेवले आहे.

त्याची आई अंगहारड. तिचा बाप विंडसरचा जेराल्ड हा पेम्ब्रोकच्या किल्ल्याचा नॉर्मन किल्लेदार होता. आणि तिची आई नेस्ट ही दक्षिण वेल्सचा राजा रीस अप ट्यूडर ह्याची कन्या. राजा रीस १०९३ साली ब्रेकनजवळ नॉर्मनांशी लढताना पडला. पोरक्या नेस्टला पुढे बापाच्या शत्रूंच्याच घरात दिवस काढावे लागले. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ह्याच्यापासून तिला एक मुलगा झाला. नंतर तिचे लग्न किल्लेदार जेराल्डशी लावून देण्यात आले, कारण राजकन्येचा नवरा म्हटला म्हणजे जिंकलेली रयत त्यास काही तरी मान देईल असा हिशेब होता. ११०९ साली ओवेन नावाच्या एका वेल्श राजपुत्राने रात्री किल्ल्यास आग लावून तिला पळवून नेले. नवरा शौचकूपाच्या वाटेने निसटला म्हणून वाचला. ह्या बाईचे मन कोणी कधी विचारले असेल असे दिसत नाही. तरी तिची संतती मोठी पराक्रमी निघाली. ११६९ साली आयर्लंडवर ज्या नॉर्मन सरदारांनी पहिली स्वारी केली त्यांतील पुष्कळ जण नेस्टचे मुलगे व नातू होते, आणि आयर्लंडातील प्रख्यात फिट्झजेराल्ड घराणे तिच्याच वंशातले आहे.

तेव्हा जेराल्डच्या आजी-आजोबांची मोजदाद केली तर चौघांत वेल्श म्हणून ठाऊक असलेली एकटी नेस्ट. बाकी सर्व कूळ नॉर्मन. जेराल्डची भाषा फ्रेंच, विद्या लॅटिन, आणि वेल्श भाषा त्यास बेताचीच येत असावी. पण नेस्टचा भाऊ ग्रिफिथ, त्याचा मुलगा लॉर्ड रीस हा दक्षिण वेल्सचा अधिपती होता, आणि तो जेराल्डच्या आईचा मामेभाऊ लागत होता. हे एक नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जेराल्ड चार भावांत सर्वांत धाकटा. समुद्राच्या वाळूत खेळताना थोरले भाऊ वाळूचे किल्ले व नगरे बांधीत आणि हा देवळे व मठ बांधी. ते पाहून बाप त्यास कौतुकाने आपला बिशप म्हणून हाक मारी. आईचा सख्खा भाऊ डेव्हिड हा ११४८ पासून सेंट डेव्हिड्सचा बिशप होता. सेंट डेव्हिड्स हे वेल्सच्या अगदी पश्चिम टोकाचे, वेल्श लोकांच्या संतशिरोमणी डेव्हिडच्या नावाचे धर्मक्षेत्र. मामाने भाच्यास शिक्षणास आपणाजवळ ठेवले. प्रथम हा मुलगा खेळकर व मठ्ठ निघाला. तेव्हा बिशपच्या पदरच्या दोघा धर्मगुरूंनी एक युक्ती केली. लॅटिन व्याकरणातील विशेषणांची चढती रूपे त्याच्यासमोर म्हणावयाची झाली की एक जण मंद, अधिक मंद, अत्यंत मंद अशा अर्थाचा शब्द चालवी, आणि दुसरा मूर्ख ह्या शब्दाची रूपे म्हणे. पोरगा लाजला व अभ्यासाला लागला. पुढे ग्लॉस्टरच्या मठात व त्यानंतर पॅरिस शहरी त्याने अनेक वर्षे विद्या केली, आणि तिचा अभिमान जन्मभर मिरवला.

परत आल्यावर कँटरबरीच्या आर्चबिशपकडून अधिकारपत्र घेऊन तो वेल्समध्ये लोकर व पनीर ह्यांचा थकलेला दशमांश वसूल करू लागला. ब्रेकनचा आर्चडीकन वृद्ध होता आणि त्याने घरात उघडपणे एक बाई ठेवली होती. आर्चडीकन म्हणजे बिशपच्या हाताखाली एका विभागातील मंडळ्यांवर व धर्मगुरूंवर देखरेख करणारा अधिकारी. जेराल्डने त्यास समज दिली, त्याने शिव्या दिल्या, आणि परिणामी म्हाताऱ्याचा अधिकार जाऊन ११७५ साली तो जेराल्डसच मिळाला. म्हाताऱ्याची वर्तणूक निंद्य होती ह्यात संशय नाही. तरी जो तक्रार करतो त्यालाच रिकामी झालेली जागा मिळावी हे चांगले दिसत नाही. शिवाय नेमणूक करणारा बिशप मामाच होता.

कामाला मात्र जेराल्ड वाघ होता. ११७६ साली केरी नावाच्या सरहद्दीवरील खेड्यात नव्या देवळाचे समर्पण व्हावयाचे होते. शेजारच्या सेंट असाफ येथील बिशपने ते देऊळ आपल्या हद्दीत ओढण्याचा बेत केला. जेराल्ड घाईने घोडा दौडवीत तेथे पोहोचला, आत शिरला, आणि आपला हक्क दाखविण्यासाठी घंटा वाजविल्या. बिशप आला, हा त्याचा पॅरिसमधला जुना सोबती. दोघांची बोलाचाली होऊन बिशप मुकुट चढवून जेराल्डला बहिष्कृत करू लागला, तेव्हा जेराल्डही आपले धर्मगुरू व पेटत्या मेणबत्त्या घेऊन बाहेर आला व बिशपपेक्षा मोठ्या आवाजात त्यास बहिष्कृत करू लागला आणि वर घंटांचा गजर करविला. बिशप घोड्यावर बसून पळत सुटला व गावकरी मागून मातीची ढेकळे आणि दगड फेकीत राहिले. मंडळीच्या दोन अधिकाऱ्यांनी देवळाच्या दारात असा तमाशा करावा हे वाचून आज हसूही येते आणि खेदही होतो. पण ती हद्द जेराल्डने राखली हे खरे.

त्याच वर्षी मामा बिशप वारला. त्या काळी नवा बिशप निवडण्याचा मान कॅथीड्रलच्या धर्मगुरुमंडळास असे. परंतु राजाच्या संमतीवाचून पान हलत नसे. सेंट डेव्हिड्सच्या मंडळाने राजास न विचारता जेराल्डचे नाव पुढे केले. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री संतापला. उमेदवार विद्वान आहे, सदाचारी आहे, कामाचा आहे, हे त्यास कबूल होते. किंबहुना तीच त्यास अडचण वाटली. लॉर्ड रीसच्या रक्ताच्या नात्याचा असा खंबीर मनुष्य वेल्सच्या मुख्य धर्मासनावर बसला तर वेल्श लोक एक होतील ही धास्ती होती. राजाने पीटर नावाच्या एका मठाधिकाऱ्यास तेथे बसविले. जेराल्ड पुन्हा पॅरिसला शिकावयास गेला.

पुढची काही वर्षे भरभर सांगून टाकू. सुमारे ११८४ साली ज्याने नाकारले त्याच राजाच्या पदरी तो धर्मोपदेशक व चिटणीस म्हणून राहिला. ११८५ साली राजपुत्र जॉनबरोबर आयर्लंडला गेला, तेथील मुलखाचे वर्णन करणारे व तेथील विजयाची हकीकत सांगणारे असे दोन ग्रंथ त्याने लिहिले. पहिला ग्रंथ त्याने ऑक्सफर्ड येथे तीन दिवस लोकांस वाचून दाखविला व रोज निरनिराळ्या थरांतील श्रोत्यांस जेवण घातले. ह्या ग्रंथांत त्याने आयरिश लोकांस रानटी म्हणून फार नावे ठेविली, आणि आपले मामे व मावसभाऊ ह्यांच्या शौर्याचे पोवाडे गायिले. ज्याच्या कुळाला इतर लोक हलके लेखत होते, तोच दुसऱ्या कुळास हलके लेखताना तिळमात्र कचरला नाही. त्याचे चरित्र लिहिणाऱ्याने हे झाकून ठेवणे बरे नव्हे.

११८८ च्या वसंतात कँटरबरीचा आर्चबिशप बॉल्डविन यरुशलेमेच्या क्रूसयुद्धासाठी माणसे गोळा करावयास वेल्सभर फिरला. जेराल्ड त्याच्याबरोबर होता. रॅडनर येथे सर्वांआधी उठून त्यानेच क्रूसाचे चिन्ह स्वीकारले, पण प्रत्यक्ष युद्धाला तो गेला नाही. पुढच्याच वर्षी त्यातून त्यास मोकळीक मिळाली. डोंगर, चिखल, भरतीच्या नद्या ह्यांतून सुमारे सहा आठवडे ही मंडळी हिंडली व जेराल्डच्या सांगण्याप्रमाणे जवळजवळ तीन हजार माणसे युद्धास तयार झाली. हॅव्हरफर्डवेस्ट गावी त्याने लॅटिनमध्ये व फ्रेंचमध्ये उपदेश केला. ज्यांस ह्या दोहोंपैकी एकही भाषा कळत नव्हती असे लोकही रडत रडत पुढे आले, असे तो लिहितो. लोकांच्या मातृभाषेत बोलता न येणाऱ्या उपदेशकाने ह्याचा अभिमान मिरवावा हे आपणांस चमत्कारिक वाटेल. ह्याच दौऱ्यात आर्चबिशपने वेल्सच्या चारही कॅथीड्रलांत स्वतः उपासना चालविली. असे करणारा तो कँटरबरीचा पहिलाच आर्चबिशप. आणि वेल्सची मंडळी कँटरबरीच्या ताब्यात आहे हे दाखविणे हाच त्यातला हेतू होता. सेंट डेव्हिड्सच्या धर्मगुरूंना ते कळले व त्यांनी ते थांबविण्याची खटपटही केली. जेराल्ड त्या वेळी आर्चबिशपच्या बाजूस चालत होता.

ह्या प्रवासाचे वर्णन त्याने सुमारे ११९१ साली व वेल्स देशाचे वर्णन सुमारे ११९४ साली लिहिले. हे दोन ग्रंथ त्याच्या कीर्तीचे खरे आधार होत. दुसऱ्यात त्याने वेल्श लोकांचे गुण एका भागात व दोष दुसऱ्या भागात सांगितले आहेत. गुणांत आदरातिथ्य, धैर्य, साधे जेवण, वाद्यसंगीत, अनेक सुरांत एकदम गाणे, आणि कुळाची आठवण. सामान्य मनुष्यदेखील सहाव्या-सातव्या पिढीपर्यंत व त्याही पलीकडे आपली परंपरा न अडखळता म्हणून दाखवितो. श्रीमंत घरापेक्षा थोर कुळात सोयरीक व्हावी असे इच्छितो. आणि आपल्या कुळाचा झालेला अपमान, तो कितीही जुना असो, विसरत नाही, असे तो सांगतो. त्याने तेथील राजांच्या वंशावळी दिल्या आहेत. त्यात रीस अप ग्रिफिथपासून मागे जात जात हवेल राजा व त्याचा आजा थोरला रॉड्री, जो ८७८ साली मेला, येथपर्यंत पिढ्या मोजल्या आहेत. भाटांची यादी येथे थांबत नसे. ते रॉड्रीपासून जुन्या रोमी व ट्रॉयच्या वीरांपर्यंत आणि तेथून थेट आदामापर्यंत जाऊन पोहोचत. जेराल्डने तो पुढचा भाग लिहिण्याचे नाकारले, कारण एवढी लांबलचक मालिका इतिहासापेक्षा बनावट वाटेल असे त्याचे मत पडले. बाराव्या शतकातल्या मनुष्याने असा विवेक दाखवावा हे विशेष आहे. आजही वेल्श घराण्यांचा शोध करणारे विद्वान हाच नियम पाळतात.

दोषांत त्याने एक गोष्ट कडक शब्दांत सांगितली आहे. वेल्समधील धर्मगुरू लग्न करीत, व बापाची मंडळी मुलास मिळे. देवाचे मंदिर जणू शेताचा तुकडा असल्याप्रमाणे वारसाने चाले. हे त्यास मुळीच खपत नसे. हा शब्दही वाचकांनी ध्यानात ठेवावा. ह्याच ग्रंथाच्या शेवटी वेल्स कसा जिंकावा व कसा राखावा ह्याचा सल्ला त्याने इंग्लंडच्या राजास दिला, आणि लगेच पुढच्या प्रकरणात वेल्श लोकांनी प्रतिकार कसा करावा हेही सांगितले. कारण आपण दोन्ही लोकांच्या रक्तातून आलो, तेव्हा दोघांस न्याय दिला पाहिजे असे तो म्हणे. अशाने दोघेही खूष होत नाहीत हे सांगावयास नको. आपणांस वेल्श लोक फ्रेंच समजतात व फ्रेंच लोक वेल्श समजतात, दोघेही परका म्हणतात, हे दुःख त्याने बोलून दाखविले आहे.

११९८ साली बिशप पीटर वारला. मधल्या काळात बँगॉर व लँडॅफ येथील बिशपची पदे आपणांस देऊ केली होती व आपण ती घेतली नाहीत असे जेराल्ड लिहितो; त्याचे मन सेंट डेव्हिड्सवर बसले होते. धर्मगुरुमंडळाने पुन्हा त्याचे नाव पुढे केले. आता कँटरबरीच्या आसनावर ह्यूबर्ट वॉल्टर हा पोलादी मनुष्य होता. त्याने साफ नकार दिला. मंडळानेही हट्ट सोडला नाही. २९ जून ११९९ रोजी त्यांनी जेराल्डची रीतसर निवड केली आणि तो न्याय मागण्यास पोप तिसरा इनोसंट ह्याच्याकडे रोमला निघाला. तो काळ लूथरच्या धर्मसुधारणेपूर्वी तीनशे वर्षांहून अधिक आधीचा असल्यामुळे पश्चिम युरोपातील सर्व मंडळ्यांचे शेवटचे न्यायासन रोम हेच होते. जेराल्डचे मागणे दुहेरी होते. एक, आपली निवड मान्य व्हावी. दुसरे, सेंट डेव्हिड्स हे पूर्वी वेल्सचे स्वतंत्र आर्चबिशपचे स्थान होते, ते पुन्हा तसे व्हावे व कँटरबरीचे जू उतरावे.

लोक पोपपुढे नाणी ठेवीत. जेराल्डने आपली पुस्तके ठेविली. लॅटिन भाषेत नाणे व पुस्तक ह्या अर्थाच्या दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक आहे, आणि ह्या मनुष्याने तो विनोद पोपपुढे करण्याची संधी सोडली नाही. इनोसंट विद्येचा भोक्ता होता. त्याने ती पुस्तके आपल्या बिछान्याजवळ ठेवून वाचली म्हणतात.

ह्यूबर्टने पोपला जे पत्र पाठविले त्यातील वाद वंशावळीचाच होता. वेल्श लोक आपणांस प्राचीन ब्रिटन लोकांचे अखंड वंशज समजतात, आणि त्या वंशाच्या जोरावर सगळे ब्रिटन बेट आपलेच अशी बढाई मारतात. त्यांस कँटरबरीच्या धाकात ठेवले नाही तर ते राजाविरुद्ध उठतील. आणि जेराल्ड हा जन्माने वेल्श असून तेथील बड्या लोकांचा नातलग आहे, असा त्यातला आशय होता. विद्येविषयी, वर्तनाविषयी किंवा उपदेशाविषयी मुख्य हरकत नव्हती. नेस्टला मरून कित्येक वर्षे लोटली होती. तीन हिस्से नॉर्मन असलेल्या नातवाच्या वाटेत तिचा एक हिस्सा आडवा आला.

जेराल्डचे उत्तर असे होते की वेल्समध्ये जन्मलेला म्हणून वेल्सच्या पदास नालायक ठरावयाचा असेल, तर ह्याच न्यायाने इंग्लंडात इंग्रजास, फ्रान्सात फ्रेंचास व इटलीत इटालियनास पद मिळता कामा नये. आपण वेल्सच्या राजांपासून व सरहद्दीच्या नॉर्मन सरदारांपासून, अशा दोहोंकडून जन्मलो. अन्याय कोणत्याही बाजूस दिसला तरी आपणांस त्याचा तिटकारा येतो, असेही तो म्हणाला. पन्नाशी उलटलेल्या ह्या मनुष्याच्या तोंडून आलेले हे बोलणे मला त्याच्या सर्व ग्रंथांपेक्षा मोलाचे वाटते.

चार वर्षांत त्याने तीन वेळा रोमची वारी केली. पोपच्या दप्तरखान्यातील जुन्या वह्या त्याने परवानगीने चाळल्या, व सेंट डेव्हिड्सचा एक पूर्वीचा बिशप बर्नार्ड ह्यानेही कँटरबरीविरुद्ध असाच दावा केला होता त्याविषयीचा लेख शोधून काढला. वेल्सच्या राजपुत्रांनी, त्यांत उत्तरेचा लुएलिनही होता, पोपला त्याच्या बाजूने पत्र लिहिले. पण घरी पाय घसरत होता. नवा राजा जॉन प्रथम गोड बोलला व मग फिरला. जेराल्डला राजाचा शत्रू ठरवून त्याचे उत्पन्न जप्त केले गेले. धर्मगुरुमंडळातील लोक एकेक करून भीतीने वा आमिषाने गळाले, आणि ज्यांनी त्यास निवडले त्यांच्यातलेच काही उलट साक्ष देऊ लागले. १२०३ च्या एप्रिलात पोपने निकाल दिला. निवड रद्द झाली. आर्चबिशपच्या स्थानाचा प्रश्न तसाच लोंबत राहिला. घरी येताना वाटेत बर्गंडी प्रांतात जेराल्ड पकडला जाऊन काही काळ कैदेतही पडला. त्या वर्षाच्या अखेरीस त्याने हार मानली, आर्चबिशपशी समेट केला, आणि सेंट डेव्हिड्सच्या आसनावर लँथनीच्या मठाचा प्रमुख जेफ्री बसला.

मग जेराल्डने ब्रेकनची आर्चडीकनची जागा सोडली. ती त्याने कोणास दिली? भाऊ फिलिपच्या मुलास. त्याचेही नाव जेराल्डच. मामाकडून भाच्यास आलेली जागा काकाकडून पुतण्यास गेली. वारसाने मंडळ्या चालविणाऱ्या वेल्श धर्मगुरूंवर ज्याने कोरडे ओढले, त्याने ह्या वेळी ते आठवले की नाही कोण जाणे. जागा पुतण्याच्या नावे, उत्पन्नाचा मोठा भाग मात्र काकाकडे, असा करार होता. थोड्याच दिवसांत पुतण्या व त्याचा शिक्षक मिळून तो करार मोडू लागले. म्हातारपणी जेराल्डने ह्या दोघांविरुद्ध एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात आळस, कृतघ्नता व विद्येची टाळाटाळ ह्यांचे पाढे वाचले आहेत. राजांना व आर्चबिशपांना तोंड देणाऱ्या मनुष्यास जखम झाली ती घरच्या पोराच्या हातून.

१२०६ साली तो पुन्हा एकदा रोमला गेला, पण ह्या वेळी दावा घेऊन नव्हे, केवळ यात्रेकरू म्हणून. पुढे बहुतेक काळ लिंकन शहरी राहून तो लिहीत राहिला, जुने ग्रंथ सुधारीत राहिला, आणि १२२३ च्या सुमारास वारला.

तो जिवंत असतानाच, १२१४ साली, बिशप जेफ्री मेला. किंग जॉन तेव्हा आपल्याच सरदारांच्या बंडात सापडला होता व त्यास वेल्सकडे लक्ष देण्यास सवड नव्हती. १२१५ साली धर्मगुरुमंडळाने टॅली येथील मठाचा प्रमुख इओर्वर्थ ह्यास निवडले. तो आईबापांकडून वेल्श होता, आणि त्यास कोणी अडविले नाही. कँटरबरीचे जू मात्र आणखी सातशे वर्षे राहिले. १९२० साली वेल्सची मंडळी त्यापासून वेगळी होऊन तिला स्वतःचा आर्चबिशप मिळाला. त्याआधी चारच वर्षे, १९१६ साली, कार्डिफच्या नगरभवनात वेल्सच्या थोर पुरुषांचे संगमरवरी पुतळे बसविण्यात आले होते, त्यांत जेराल्डचाही आहे.

ॲबरिस्टविथ गावी १९०७ साली स्थापन झालेल्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आज जुनी मृत्युपत्रे, मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या आणि भाटांनी उतरविलेल्या वंशावळी पाहावयास मिळतात. दूरदेशी गेलेल्या वेल्श घराण्यांचे वंशज आपले आजे-पणजे तेथे शोधतात. पीटर बार्ट्रम नावाच्या एका चिकाटीच्या गृहस्थाने इ. स. ३०० पासून १५०० पर्यंतच्या वेल्श वंशावळी जुळवून १९७४ व १९८३ साली अनेक खंडांत छापल्या. बहुतेक घराण्यांत सोळाव्या शतकामागे गेले की कागद संपतो व केवळ नावांची साखळी उरते: अमका अप अमका अप अमका. रीस अप ट्यूडरच्या लेकीच्या वंशाची गोष्ट तशी नाही. तिची मुले कोण, नातू कोण, कोणाचे लग्न कोठे झाले, कोण कोणत्या लढाईत पडला, हे तपशिलाने सापडते, कारण तिच्या एका नातवाने ते लिहून ठेवले.